एका दिवसाची किंमत किती मतं? लोकप्रिय आणि ताज्या पोस्टींचा क्रम लावण्याचं गणित

लोक पोस्टी टाकतात, बाकीचे त्यांना मतं देतात, आणि पहिल्या पानावर जागा असते वीस-तीस पोस्टींपुरती. त्या वीस-तीस कोणत्या, हे ठरवणारा कोड सहसा पाच-सात ओळींचा असतो. पण संकेतस्थळाचा स्वभाव त्या ओळींत ठरतो. लोक काय वाचणार, कशावर बोलणार, नव्याने आलेल्या माणसाचं लिखाण कुणाच्या नजरेला पडणार की नाही, सगळं तिथून निघतं. म्हणून कुठलं तरी सूत्र उचलून आपल्या कोडात चिकटवण्याआधी ते नेमकं काय करतं हे समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. गणित फार नाही. लॉगरिदम तेवढा लागतो, तोही ओघात येईलच.

आधी सोप्या पद्धती बघू, कारण त्या कुठे अडतात हे कळलं की पुढचं सूत्र आपोआप सुचतं.

तारखेने लावलं, तर नवी पोस्ट वर आणि जुनी खाली. यात भांडण नाही, पण चांगल्या आणि सुमार पोस्टीला वर राहायला सारखाच वेळ मिळतो. मतांनी लावलं, तर पहिले काही आठवडे पान छान दिसतं आणि मग गोठतं. कधीकाळी चारशे मतं मिळवलेली पोस्ट जागची हलत नाही. ती वर आहे म्हणून दिसते, दिसते म्हणून तिला आणखी मतं पडतात. पीएचपीबीबीसारख्या जुन्या फोरम सॉफ्टवेअरने तिसरी पद्धत रुळवली: ज्या धाग्यावर सगळ्यात अलीकडे उत्तर आलं, तो वर. माणसं मोजकी आणि ओळखीची असतील तर ही पद्धत अजूनही उत्तम चालते. गर्दी वाढली की मात्र कुणीतरी तीन वर्षांपूर्वीच्या धाग्यावर नुसतं ‘धन्यवाद’ लिहितं आणि तो धागा सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसतो.

चौथी पद्धत बहुतेकांना स्वतःहून सुचते. गेल्या चोवीस तासांतल्या पोस्टी घ्यायच्या आणि त्या मतांनी लावायच्या. सुरुवातीला एवढं पुरतं, आणि पुरत असेल तर पुढे जाऊ नये असंच मी सांगेन. तिची अडचण काठावर आहे. तेविसाव्या तासाला पहिल्या क्रमांकावर असलेली पोस्ट चोविसावा तास उलटताच यादीतून गायब होते. तिच्यावर चर्चा रंगात आलेली असली तरी. आणि एखादा दिवस शांत गेला तर पान अर्धं रिकामं.

म्हणजे हवं काय, तर वय वाढेल तसं पोस्टीचं वजन हळूहळू उतरलं पाहिजे. एकदम नाही. हे दोन तऱ्हांनी करता येतं, आणि त्या दोहोंतला फरक हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

जुन्याला खाली ढकलायचं

हॅकर न्यूज हे तंत्रज्ञानावरचे दुवे आणि चर्चा यांचं संकेतस्थळ पॉल ग्रॅहम यांनी २००७ मध्ये सुरू केलं आणि ते आर्क या त्यांच्याच प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं. त्या कोडाचा काही भाग त्यांनी पुढे खुला केला. त्यातलं क्रमवारीचं सूत्र सोपं करून असं सांगतात:

गुण = (मतं − १) ÷ (वय + २)^१.८

वय तासांत मोजायचं. एक वजा केलंय ते पोस्ट टाकणाऱ्याचं स्वतःचं, आपोआप पडणारं मत. दोन मिळवलेत ते अगदी नव्या पोस्टीसाठी: ते नसते तर पहिल्या मिनिटाला वय जवळजवळ शून्य, त्याने भागलं की एका मतावर पोस्ट थेट आभाळात. आणि १.८ हा घात म्हणजे खाली ओढणारी ताकद; कोडात त्याचं नावच ग्रॅव्हिटी आहे. तो वाढवला की पोस्टी झपाट्याने उतरतात. (मूळ कोडात मतांनाही ०.८ चा घात आहे, आणि त्यावर वेगवेगळ्या दंडांचे थर आहेत. तत्त्व कळायला वरचं सूत्र पुरे.)

आकडे घालून बघू. पोस्ट क दहा तासांची आहे, मतं १००. पोस्ट ख एका तासाची आहे, मतं १५. क चे गुण ९९ भागिले १२ चा १.८ वा घात, म्हणजे ९९ ÷ ८७.६, म्हणजे १.१३. ख चे गुण १४ ÷ ७.२, म्हणजे १.९४. पंधरा मतांची ख वर, शंभर मतांची क खाली.

आता समजा पुढचे चोवीस तास दोघींपैकी एकीलाही एकसुद्धा मत पडलं नाही. क झाली ३४ तासांची, ख २५ तासांची. पुन्हा हिशेब केला तर क चे गुण ०.१५६ आणि ख चे ०.०३७. क पुन्हा वर! मधल्या काळात कुणी काही केलेलं नाही, तरी क्रम उलटला. कारण उघड आहे. दोघी तरुण असताना नऊ तासांचा फरक फार मोठा असतो. दोघी म्हाताऱ्या झाल्या की त्या फरकाला काही अर्थ उरत नाही आणि मतांचा आकडाच बोलतो.

माणसाच्या नजरेने हे बरंच न्याय्य आहे. पण कोड लिहिणाऱ्यासाठी यात एक डोकेदुखी आहे. गुण ‘आत्ता किती वाजले’ यावर अवलंबून आहेत. ते डेटाबेसच्या कॉलममध्ये लिहून ठेवले तर पुढच्या क्षणी शिळे. त्यामुळे त्यांवर इंडेक्स, म्हणजे डेटाबेसने आधीच क्रमाने लावून ठेवलेली सूची, करता येत नाही. पान उघडणाऱ्या प्रत्येकासाठी सगळ्या पोस्टींचे गुण नव्याने काढायचे, सगळ्या क्रमाने लावायच्या, आणि वरच्या तीस द्यायच्या. काही हजार पोस्टी असतील तर डेटाबेस हे सहज करतो. लाखोंची गोष्ट आली की गेल्या तीन-चार दिवसांतल्याच पोस्टी हिशेबात घ्याव्या लागतात आणि तयार झालेली यादी मिनिटभर कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवावी लागते. याने काम भागतं, नाही असं नाही.

नव्याला उंचावरून सुरुवात द्यायची

रेडिट या पोस्टी आणि मतांच्याच मोठ्या संकेतस्थळाने हाच प्रश्न उलट बाजूने सोडवला. त्यांनी २००८ मध्ये आपला कोड खुला केला तेव्हा ‘हॉट’ यादीचं सूत्र सगळ्यांना दिसलं. निव्वळ मतं म्हणजे बाजूची वजा विरोधातली, आणि वेळ सेकंदांत:

गुण = लॉग(निव्वळ मतं) + (पोस्ट टाकल्याची वेळ − शून्यवेळ) ÷ ४५०००

शून्यवेळ म्हणजे ८ डिसेंबर २००५ रोजचा एक ठरावीक क्षण. त्यात जादू काही नाही. सगळ्यांतून तेवढाच आकडा वजा होतो, त्यामुळे दुसरा कुठलाही क्षण घेतला तरी क्रम तोच येतो.

लॉग दहाच्या पायाचा आहे: १० चा १, १०० चा २, १००० चा ३. म्हणजे मतं दहापट झाली की गुण एकाने वाढतात. दुसरीकडे, ४५००० सेकंद म्हणजे साडेबारा तास. पोस्ट तेवढी उशिरा आली की तिलाही एक गुण जास्त. दोन्ही एकत्र वाचा. या सूत्रात दहापट मतांची किंमत साडेबारा तास ठरवलेली आहे. बाकी सगळा तपशील.

नीट पाहिलं तर या सूत्रात पोस्टीचं वय कुठेच नाही. आहे ती पोस्ट टाकल्याची वेळ, आणि ती कधी बदलत नाही. नवं मत पडेपर्यंत गुण जिथे आहेत तिथेच. जुन्या पोस्टी खाली येत नाहीत. नंतर येणाऱ्या पोस्टी जास्त गुणांपासून सुरुवात करून त्यांच्या वर निघून जातात. कोड लिहिणाऱ्याला याचा फायदा मोठा आहे: गुण कॉलममध्ये लिहून ठेवायचे, त्यावर इंडेक्स करायचा, आणि पहिल्या पानासाठी इंडेक्सच्या टोकावरच्या तीस नोंदी उचलायच्या. पोस्टी लाखभर असोत की कोटभर, कामात फारसा फरक पडत नाही.

मगाचीच उदाहरणं इथे घालून बघा. क ला शंभर मतं, म्हणून लॉग २. ख ला पंधरा मतं, लॉग १.१८, पण ती नऊ तास उशिरा आलेली, म्हणून ९ ÷ १२.५, म्हणजे ०.७२ जास्त. बेरीज १.९०. इथे क वर राहते. ख ला १९ मतं झाली तरी बेरीज १.९९९ वर अडकते. विसावं मत पडलं की २.०२ होते आणि ख पुढे जाते. आणखी कुणाला मत पडलं नाही, तर उद्या, परवा, वर्षानंतरही हाच क्रम राहतो. पहिल्या सूत्रासारखा तो आपोआप उलटत नाही.

हे दोन विचार वरवर वेगळे दिसतात, पण रेडिटचं सूत्रही आतून घसरणीचंच आहे. समजा आपण ठरवलं की प्रत्येक पोस्टीच्या मतांचं वजन ठरावीक तासांनी निम्मं धरायचं. सगळ्या पोस्टी एकाच वेगाने निम्म्या होत असतील तर त्यांचा आपसातला क्रम बदलणार नाही. मग सगळ्यांना सतत लहान करण्याचा खटाटोप कशाला? नव्या पोस्टीला त्याच प्रमाणात मोठं करून आत घेतलं की झालं. आणि लॉग घेतला की त्या गुणाकाराची बेरीज होते. वजन साडेबारा तासांत दहावा हिस्सा होत असेल, तर निम्मं व्हायला साधारण पावणेचार तास लागतात. म्हणजे ‘दर पावणेचार तासांनी मताचं वजन निम्मं’ हे वाक्य आणि रेडिटचं सूत्र, दोन्ही एकच.

हॅकर न्यूजच्या सूत्रात अशी सोय नाही, कारण तिथली घसरण सारख्या वेगाची नाही. पोस्ट सुरुवातीला धाडकन उतरते, पुढे संथ होते. तिथल्या निम्मं होण्याला ठरलेली मुदतच नाही. म्हणून तिथे क्रम मतांशिवाय बदलतो आणि म्हणूनच गुण साठवता येत नाहीत. नवं संकेतस्थळ उभं करत असाल तर माझा कौल साठवता येणाऱ्या सूत्राला आहे.

आकडा दुसऱ्याचा घेऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सूत्र उचललं जातं, त्यासोबत ४५००० हा आकडाही तसाच येतो, आणि तो आकडा प्रचंड वर्दळीच्या संकेतस्थळासाठी ठरवलेला आहे हे कुणी लक्षात घेत नाही.

तुमच्याकडे दिवसाला दोन पोस्टी येतात आणि बहुतेकींना दोन ते आठ मतं पडतात, असं धरू. आठ आणि दोन यांच्या लॉगमधला फरक ०.६. साडेबारा तासांच्या हिशेबाने त्याची किंमत साडेसात तास. पण तुमच्या दोन पोस्टींमध्ये अंतरच बारा तासांचं आहे! म्हणजे आठ मतं मिळवलेली तुमची उत्तम पोस्ट पुढच्या दोन मतांच्या पोस्टीखाली जाणारच, कधीच वर टिकणार नाही. लोक मतं देत राहतील आणि यादी तारखेनेच लागत राहील. मतांचं बटण आहे, आकडे वाढतायत, क्रमावर परिणाम शून्य. लोकांना हे शब्दांत सांगता येत नाही, पण जाणवतं, आणि मग ते मतं देणं सोडतात.

४५००० च्या जागी आठवड्याचे सेकंद, म्हणजे ६०४८००, घातले तर तोच ०.६ चा फरक चार दिवसांहून थोडा जास्त टिकतो. लहान संकेतस्थळावर हे पुष्कळ शोभतं.

मग आपला आकडा काढायचा कसा? स्वतःला एकच प्रश्न विचारा: आपल्याकडची उत्तम पोस्ट साधारण पोस्टींच्या वर किती वेळ दिसावी? उत्तम आणि साधारण म्हणजे काय ते डेटाबेसच सांगतो. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या पोस्टी मतांनी लावा. मधोमध येते ती साधारण, आणि वरच्या दहाव्या हिश्श्याच्या उंबरठ्यावर असते ती उत्तम. साधारणला ३ मतं आणि उत्तमला ३० असतील, तर पट दहा, लॉग एक. उत्तम पोस्ट तीन दिवस दिसावी असं वाटत असेल तर भाजक तीन दिवस, म्हणजे २५९२०० सेकंद. पट दहा नसून चार असेल, तर लॉग ०.६, दोन दिवस हवे असतील तर २ ÷ ०.६, म्हणजे सव्वातीन दिवसांहून किंचित जास्त. हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये. संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी, त्यावर लिहिणाऱ्यांनी मिळून ठरवायची ही गोष्ट आहे, आणि ‘दिवस’ या मापात मांडली की तांत्रिक माहिती नसलेल्यालाही त्यावर बोलता येतं.

कोडात पाय कुठे घसरतो

मतांच्या तक्त्यात सदस्य आणि पोस्ट या जोडीवर युनिक बंधन घाला, म्हणजे तीच जोडी डेटाबेस दुसऱ्यांदा नोंदवणार नाही. एक माणूस एक मत, हे पान दाखवणाऱ्या कोडवर सोपवू नका. बटणावर दोनदा टिचकी पडते, दोन टॅब उघडे असतात. मतांची बेरीजही आधी वाचून, एक मिळवून, परत लिहू नका. दोन मतं एकाच क्षणी आली तर दोघांनी जुना आकडा वाचलेला असतो आणि एक मत हरवतं. ‘आहे त्यात एक मिळव’ असं डेटाबेसलाच एका क्वेरीत, म्हणजे एका आज्ञेत, सांगायचं, आणि गुणही त्याच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) नव्याने लिहायचे.

भागाकार जपून. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच येतं, अपूर्णांक गळून पडतो. सेकंद भागिले ४५००० असं पूर्णांकांत लिहिलं, तर साडेबारा तासांच्या एका टप्प्यातल्या सगळ्या पोस्टींना वेळेचे गुण सारखेच, आणि टप्पा ओलांडताना एकदम पूर्ण एकाची उडी. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तसं होत नाही, म्हणून एकीकडचा कोड दुसरीकडे नेताना ही चूक हमखास होते. ४५०००.० असं लिहिलं की सुटलं. कॉलमचा प्रकारही दुप्पट अचूकतेचा (डबल प्रिसिजन) दशांश ठेवा. वेळेचा भाग आज चौदा हजारांच्या आसपास आहे. एकेरी अचूकतेत एवढ्या मोठ्या आकड्याजवळ पाऊणएक मिनिटाच्या आतला फरक उरतच नाही.

कुणाला वाटेल, लॉगची भानगड नको, वजन सरळ दुप्पट करत जाऊ: दर पावणेचार तासांनी नव्या मताची किंमत दुप्पट. गणित बरोबर आहे, पण दुप्पट अचूकतेच्या आकड्याची कमाल २ च्या १०२४ व्या घाताजवळ संपते. १०२४ वेळा पावणेचार तास म्हणजे साधारण १६० दिवस. संकेतस्थळ पाच महिने झकास चालेल आणि मग एके दिवशी सगळ्या नव्या पोस्टींचे गुण ‘अनंत’ होतील. लॉग तिथे त्यासाठीच आहे.

शून्य मतांचा लॉग निघत नाही, उणे मतांचाही नाही. म्हणून निव्वळ मतांतलं चिन्ह बाजूला काढून ठेवतात, उरलेला आकडा एकाहून कमी असेल तर एक धरतात, त्याचा लॉग घेतात आणि चिन्ह परत लावतात. ते कुठे लावायचं यावर बरंच काही अवलंबून आहे. रेडिटच्या खुल्या कोडात बरीच वर्षं ते लॉगऐवजी वेळेच्या भागाला लावलेलं होतं. परिणाम असा की, नुकत्याच टाकलेल्या पोस्टीवर पहिलं मत विरोधात पडून बेरीज उणे झाली की हजारोंचा वेळेचा भागच उणे होई आणि पोस्ट थेट तळाला जाई. शिवाय उणे पोस्टींत जी नवी, ती जास्त खाली. एकदोन विरोधी मतांवर एखाद्याचं लिखाण कुणाच्या दृष्टीस पडण्याआधी पुरता येत होतं. लोकांनी यावर लेख लिहिले, वाद घातले, आणि पुढे कोडात चिन्ह लॉगला जोडलं गेलं. तुम्ही जुन्या लेखातून सूत्र उतरवून घेत असाल तर ही जागा आवर्जून तपासा.

पहिलं मत आणि त्याच्या मागून येणारी

क्रमवारी लोकांची आवड मोजते असं आपण समजतो. ती आवड घडवतेही. लेव मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी ‘सायन्स’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. बातम्यांवर चर्चा होणाऱ्या एका संकेतस्थळावरच्या एक लाखाहून जास्त प्रतिसादांपैकी काहींना त्यांनी, मजकूर न बघता, येताक्षणी एक मत बाजूने दिलं. काहींना एक विरोधात. बाकीचे तसेच सोडले. बाजूने मत मिळालेल्या प्रतिसादाला पुढच्या पहिल्या वाचकाने बाजूने मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि सरतेशेवटी त्यांची बेरीज सरासरी २५ टक्के जास्त निघाली. विरोधातल्या मताचा असा साठत जाणारा परिणाम झाला नाही. इतरांनी बाजूने मतं देऊन ते भरून काढलं. म्हणजे कौतुकाच्या मागे कौतुक जातं, आणि ते पहिलं मत कुणाचं होतं हा योगायोग असतो.

आता लॉग आठवा. एकावरून दहा मतांवर जायला जेवढा एक गुण, तेवढाच दहावरून शंभरावर जायला. सुरुवातीची नऊ मतं नंतरच्या नव्वद मतांइतकी. शंभर मतांच्या पोस्टी रोज येतात तिथे हे चालून जातं. लहान ठिकाणी मात्र चार मित्रांनी मिळून दिलेली मतं यादी फिरवू शकतात. यावर साधा उपाय म्हणजे लॉग घेण्याआधी मतांत थोडा आकडा मिळवणं. पाच मिळवले, तर एकावरून दहावर जाण्याची किंमत एक गुणाऐवजी ०.४ होते. पहिला आवेग बोथट होतो आणि मोठ्या आकड्यांवर परिणाम जवळजवळ नाही.

पहिला तास-दोन तास मतांचा आकडा लपवून ठेवणं हाही चांगला उपाय आहे: मत देता येतं, बेरीज दिसत नाही. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा उपाय म्हणजे पहिल्या पानावरच्या दोन-तीन जागा क्रमवारीतून काढून घेणं. तिथे फार थोड्यांनी पाहिलेल्या नव्या पोस्टी आळीपाळीने दाखवायच्या. हॅकर न्यूजवर दुर्लक्षित राहिलेल्या चांगल्या पोस्टींना दुसरी संधी देण्याची व्यवस्था माणसांच्या निवडीने चालते. ज्याला कुणी ओळखत नाही त्याचं लिखाण दिसण्याची हमी कुठलंही सूत्र देत नाही. ती जागा राखूनच ठेवावी लागते.

मतांखेरीज आणखी काय मोजावं? पानं किती वेळा उघडली गेली हे मोजू नये. बॉट येतात, लोक पान पुन्हा पुन्हा उघडतात, आणि भडक मथळ्याला बक्षीस मिळतं. प्रतिसाद मोजायचे तर प्रतिसाद न मोजता प्रतिसाद देणारी वेगवेगळी माणसं मोजा. दोघांच्या भांडणात साठ प्रतिसाद होतात. साठ माणसं बोलली असा त्याचा अर्थ नाही. हॅकर न्यूजच्या कोडात तर मतांपेक्षा प्रतिसाद फार झाले की पोस्ट खाली जाण्याची सोय आहे.

पोस्टीखालच्या प्रतिसादांचा क्रम मात्र वेगळा विषय आहे, कारण तिथे ताजेपणाला मोल नाही. चांगलं उत्तर दोन दिवसांनी आलं तरी वर यायला हवं. निव्वळ मतांनी लावलं तर ६०० बाजूने आणि ४०० विरोधात असलेला प्रतिसाद १९० बाजूने आणि ५ विरोधात असलेल्याच्या वर बसतो. टक्केवारीने लावलं तर एकाच मताचा शंभर टक्केवाला सगळ्यांच्या वर. एडविन विल्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामी येतं, आणि रेडिटने २००९ मध्ये प्रतिसादांसाठी ते वापरायला सुरुवात केली. कल्पना अशी: मिळालेली मतं हा नमुना समजायचा आणि ‘खरी टक्केवारी निदान एवढी तरी असेल’ असा खालचा अंदाज काढायचा. ९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने एकापैकी एक मत बाजूने असेल तर हा अंदाज ०.२१ येतो, दहापैकी दहा असतील तर ०.७२, आणि शंभरपैकी नव्वद असतील तर ०.८३. थोड्या मतांवर विश्वास थोडा.

यादीचं दुसरं पान आणि बदललेला आकडा

पुढच्या पानासाठी ‘पहिल्या तीस सोडून पुढच्या तीस’ अशी क्वेरी बहुतेक जण लिहितात. वाचक पहिलं पान वाचत असताना वर दोन नव्या पोस्टी आल्या, तर एकोणतिसावी आणि तिसावी पोस्ट दुसऱ्या पानावर त्याला पुन्हा दिसते. त्याऐवजी शेवटच्या पोस्टीचे गुण आणि तिचा डेटाबेसमधला क्रमांक दुव्यात पाठवा आणि ‘याच्या खालच्या तीस द्या’ असं विचारा. गुण साठवलेले असल्यामुळे इंडेक्स थेट त्या जागेवर जातो. खोलवरच्या पानांनाही वेळ लागत नाही. क्रमांक सोबत यासाठी, की दोन पोस्टींचे गुण सारखे निघाले तरी क्रम पक्का राहावा. मधल्या वेळेत एखाद्या पोस्टीला मत पडून ती वर सरकली तर ती निसटू शकते, तेवढं चालवून घ्यावं.

कधीतरी भाजक बदलायची वेळ येईलच. वर्दळ वाढते, साधारण पोस्टीची मतं तीनवरून बारावर जातात. अशा वेळी नुसता कोडातला आकडा बदलू नका. आधी साठवलेले गुण जुन्या भाजकाचे आणि नंतर मत पडलेल्या पोस्टींचे नव्या भाजकाचे, अशी खिचडी झाली की यादीला काही अर्थ उरत नाही. गुणांसाठी दुसरा कॉलम करा. नवी मतं आली की दोन्ही कॉलम भरत राहा, आणि जुन्या पोस्टींचे नवे गुण हजार-हजारांच्या तुकड्यांनी मागून भरून घ्या. सगळे भरले आणि त्यावर इंडेक्स झाला की पहिल्या पानाच्या क्वेरीतलं कॉलमचं नाव बदला. जुना कॉलम आणखी काही दिवस भरता ठेवा, म्हणजे नवी यादी लोकांच्या पचनी पडली नाही तर त्याच क्षणी मागे फिरता येतं.